यकृत दुखत नाही, पण दिसते



या सदरात आपण नेहमी कीड, खत, बियाणे यांविषयी बोलतो. आज थोडी वेगळी वाट धरतो. विषय पिकाचा नाही, पीक काढणाऱ्याचा आहे.

गेल्या वर्षी पौष महिन्यात हरभऱ्यावर घाटेअळी पडल्याचा निरोप आला म्हणून एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. कामगंध सापळे कसे लावायचे ते दाखवून झाले आणि चहासाठी एका ओसरीवर टेकलो. घर दोघा भावांचे, एकत्र चुलीचे. धाकट्याच्या घरधनिणीने एक मोठे पाकीट आणून माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "साहेब, तुम्ही शिकलेले. ह्यांच्या लिव्हरवर चरबी चढली म्हणे. तीन दिवस झाले, घरात कुणी धड जेवलं नाही. काय असेल ते खरं सांगा."

पाकिटात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. इंग्रजीत एक ओळ होती : 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. मी म्हणालो, "वहिनी, हे वेळेवर कळले, हे बरे झाले. रडण्यासारखे यात काही नाही."

एवढे ऐकून खांबाला टेकून बसलेले थोरले भाऊ उठले. गळ्यात तुळशीची माळ, वारीचा नेम. आत जाऊन त्यांनी पेटी उघडली आणि आठ महिन्यांपूर्वीचे एक पाकीट आणून दिले. "मग हेही बघा. माझं काही दुखत नाही, म्हणून ठेवून दिलं होतं." त्यात शब्द होते 'कोर्स इकोटेक्श्चर', 'नोड्युलर सरफेस', 'स्प्लीनोमेगाली'. वाचून माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

बघा मंडळी, एकाच घरातली ही दोन पाकिटे. जिथे घाबरण्याचे कारण थोडे, तिथे रडारड. आणि ज्याची धास्ती घ्यायला हवी होती, ते पेटीच्या तळाशी. म्हणून आज हा विषय काढला. मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. दोन्ही रिपोर्ट घेऊन दोघा भावांबरोबर मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावले आणि पुढे मी जे वाचले, ते आपल्या भाषेत सांगतो.

यकृत म्हणजे लिव्हर. बोकडाच्या मटणात जिला आपण कलेजी म्हणतो, तोच अवयव. माणसाच्या पोटात तो उजव्या बरगड्यांखाली असतो आणि मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. अन्नातला कस साठवणे, पित्त तयार करणे, रक्तातली विषारी द्रव्ये निकामी करणे, ही त्याची कामे. त्याचा गुण म्हणा की दोष, तो लवकर तक्रार करीत नाही. यकृताच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीवच नसते. त्यावरचे आवरण ताणले गेले तरच दुखते. बराच भाग खराब झाला तरी उरलेला भाग गाडा ओढत राहतो. म्हणून 'दुखत नाही' याचा अर्थ 'बरे आहे' असा लावू नये.

आता सोनोग्राफी. बाजारात मडके घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून बघतो. आवाजावरून पक्के की चिरलेले ते कळते. सोनोग्राफीचे तत्त्व याच जातीचे. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र यकृतासाठी साधारण ३० ते ५० लाख कंपनांचा आवाज पोटात पाठवते. तो आतल्या अवयवांवर आदळून परत येतो आणि त्या पडसादाचे पडद्यावर चित्र होते. जिथून पडसाद जोराचा, तिथे पांढरे. जिथे नुसते पाणी, तिथे काळे. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, दुखत नाही, सुई नाही. पोटावर थंड, चिकट मलम लावतात ते यंत्र आणि कातडी यांमध्ये हवा राहू नये म्हणून. ही तपासणी फक्त गरोदर बाईची, असा समज मात्र काढून टाकावा.

निरोगी यकृत पडद्यावर कसे दिसते? चांगला भुसभुशीत केलेला वाफा जसा सगळीकडे सारखा दिसतो, तसे. रंग एकसारखा करडा, कड गुळगुळीत, मधून रक्तवाहिन्यांचे पाट.

त्यात चरबी साचली की यकृत जास्त पांढरे, चमकदार दिसू लागते. डॉक्टर शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी त्याची तुलना करतात. किंचित पांढरे झाले तर ग्रेड वन. रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड टू. आवाज खोल पोचेनासा होऊन मागचा भाग आणि श्वासपटलही दिसेनासे झाले तर ग्रेड थ्री. वाढलेले पोट, मधुमेह, दारू ही याची नेहमीची कारणे. धाकट्या भावाचे पोट सुटले होते आणि रक्तात साखर निघाली. शेत होते, पण नांगरट ट्रॅक्टरने, बांधावर जाणे मोटारसायकलवर आणि दिवसाला सात-आठ गोड चहा. अशा माणसाने हळूहळू वजन उतरवले, दर १०० किलोमागे ७ ते १० किलो या हिशेबाने, तर यकृतातली चरबी आणि सूज हटू शकते. म्हणजे ग्रेड वन ही शिक्षा नव्हे, ताकीद आहे. पण ताकीद मिळूनही न ऐकणाऱ्याचे यकृत पुढे कडक होऊ शकते. ग्रेड किती यावरून यकृताचा कडकपणा मात्र कळत नाही. त्यासाठी डॉक्टर रक्त तपासतात, गरज वाटली तर फायब्रोस्कॅन करायला सांगतात.

थोरल्यांचे चित्र निराळे होते. 'कोर्स' म्हणजे खरखरीत. 'नोड्युलर' म्हणजे गाठीगाठींचे. भुसभुशीत वाफा जाऊन ढेकळांचे रान झालेले. याला सिऱ्होसिस म्हणतात. वर्षानुवर्षे यकृताला इजा होत राहिली की जखमेच्या वणासारखा कडक भाग तयार होतो आणि यकृत आक्रसते. मग त्यातून रक्त सहज जाईना. पाट तुंबला की मागे पाणी फुगते, तसे रक्त मागे तुंबते आणि पानथरी वाढते. हीच ती 'स्प्लीनोमेगाली'. पुढे पोटात पाणी होते. ते पडद्यावर यकृताभोवती काळे दिसते आणि रिपोर्टात 'असायटिस' असे लिहून येते. यांतला कोणताही शब्द दिसला तर पाकीट पेटीत नव्हे, डॉक्टरांच्या टेबलावर गेले पाहिजे.

यकृतात काळा गोल दिसला तर तो बहुधा पाण्याचा किंवा पुवाचा असतो. पाण्याच्या साध्या गाठी पुष्कळांना असतात आणि सहसा त्रास देत नाहीत. पण ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि आत धुरकट कण असलेला गोल, असे असेल तर अमिबाचे गळू असू शकते. दूषित पाण्यातून हा अमिबा पोटात जातो. औषधाने ते बरे होते. फार मोठे असेल तर सोनोग्राफीत पाहत सुईने पू काढतात.

मेंढरे-शेळ्या पाळणाऱ्यांनी आणखी एक गाठ लक्षात ठेवावी, हायडॅटिडची. ती एका बारीक पट्टकृमीमुळे होते. हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, कुत्र्याच्या अंगावर आणि तिथून आपल्या हातावर येतात. पडद्यावर मोठ्या गोलात लहान लहान गोल किंवा आत सुटून तरंगणारे पापुद्रे दिसतात. अशा गाठीत कुणी आपल्या मनाने सुई घालू नये. ती फुटली तर अंगावर गंभीर रिॲक्शन येऊ शकते. उपाय आपल्याच अंगणात आहे. बकरे-मेंढरू कापल्यावर त्याचे यकृत, फुप्फुस कच्चे कुत्र्याला टाकू नका. कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरांकडून वेळेवर जंताचे औषध द्या. जेवण्याआधी हात धुवा.

आता सोनोग्राफी काय सांगत नाही तेही सांगतो. थोडी चरबी असेल तर ती दिसत नाही. सिऱ्होसिस अगदी सुरुवातीचा असेल तर चित्र चांगले येऊ शकते. कावीळ झालेल्या माणसाचे यकृतही पडद्यावर ठाकठीक दिसू शकते. आणि मुख्य म्हणजे आजार कशामुळे झाला, ते नुसत्या चित्रावरून कळत नाही. पान पिवळे पडले एवढ्यावरून नत्र कमी की लोह कमी की मुळाशी पाणी साचले, ते आपण सांगत नाही, माती तपासतो. तसे इथे रक्त तपासावे लागते. कावीळ मंत्राने उतरवून घेण्यात किंवा पोटाला डाग देण्यात दिवस घालवू नका.

थोरल्यांनी आठ महिने पाकीट का लपवले, ते मला तालुक्याच्या वाटेवर समजले. लिव्हर खराब म्हटले की गाव म्हणणार, माळ घालून चोरून पीत असेल. या लाजेपायी ते गप्प राहिले. रक्त तपासले तेव्हा हिपॅटायटिस बी निघाला. दारूचा थेंब न घेतलेल्या माणसालाही हा विषाणू लागतो. तो दूषित सुईतून, रक्तातून, एकाच वस्ताऱ्याने दाढी केल्याने, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाला लागतो आणि वीस-तीस वर्षे गुपचूप आत राहू शकतो.

निदान घरात कळले आणि नवीच चूक झाली. कुणी तरी त्यांचे ताट वेगळे केले, नातवाला मांडीवर देईनात. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून समजावले. एका पंगतीत जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने, नातवाला जवळ घेतल्याने हिपॅटायटिस बी पसरत नाही. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा हवा. घरातल्या सर्वांचे रक्त तपासले आणि ज्यांना लागण नव्हती त्यांना लस दिली. जन्मलेल्या बाळाला ही लस चोवीस तासांच्या आत द्यायची असते, पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. २०१८ साली केंद्र सरकारने हिपॅटायटिस नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधे ठरलेल्या सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी ताब्यात राहतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

थोरल्यांचे यकृत पुन्हा नवे होणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले आहे. पण गोळ्या चालू आहेत आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. कारण अशा यकृतात कर्करोगाची गाठ होऊ शकते, आणि ती लहान असताना दिसली तर उपाय करता येतो. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणे किंवा बरळणे यांपैकी काही झाले तर रात्र असो की पेरणी असो, तडक दवाखाना, हे घरातल्या पोरासोरांना पाठ आहे.

एक गोष्ट माझ्या खात्यातली. बुरशी लागलेला भुईमूग आणि मका घरी खाण्यासाठी बाजूला काढू नका. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष थेट यकृतावर जाते आणि शिजवून-भाजून पुरते जात नाही. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत अवेळी पावसाने भिजलेला, बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे कावीळ होऊन दगावली. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर हे विष दुप्पट वैरी. म्हणून शेंगा पुऱ्या वाळवूनच साठवा.

शेवटी, यकृताच्या सोनोग्राफीला जाताना एवढे करा. सहा ते आठ तास उपाशीपोटी जा, चहासुद्धा नको. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. जुने रिपोर्ट बरोबर न्या. रिपोर्ट हाती आल्यावर शेजाऱ्याला किंवा माझ्यासारख्या शेतीवाल्याला नव्हे, ज्यांनी तपासणी सांगितली त्या डॉक्टरांना दाखवा.

परवा त्याच ओसरीवर पुन्हा चहा झाला. या वेळी धाकट्याचा बिनसाखरेचा. थोरल्यांच्या मांडीवर नातू होता. म्हणाले, "लिहा साहेब आमच्यावर. नाव तेवढं घालू नका. पण पेटीत पाकीट असेल त्याला बाहेर काढायला सांगा."

त्यांचा निरोप पोचवला. आज संध्याकाळी एकदा आपापली पेटी उघडून पाहा.

पुढील अंकी उन्हाळी भुईमुगाच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.