होडीवरची सावली

सुप्यासारख्या कोरड्या गांवीं राहणाऱ्या मास्तरानें शिडाच्या होडीवर लिहावें, याचें वाचकांस हसूं येईल. आमच्या पठारावर वारा उदंड, पवनचक्क्या फिरतात. पाण्याचीच काय ती वानवा. परंतु माझ्या पुतण्यानें अलिबागेस मित्रांच्या भागीदारींत अठरा फुटांची होडी घेतली, आणि गेल्या वैशाखांत आमच्या वहिनींस तींतून फिरावयास नेलें. सुकाणूपाशीं बसावयाची जागा उघडी. दोन तासांत वहिनींस घेरी आली. डोक्यावर पदर होता. पण पाण्यावरून उलटणारें ऊन पदराखालून तोंडावर येतें, हें कोणाच्याच ध्यानीं आलें नाहीं.

पुतण्यानें लागलीच प्लॅस्टिकची ताडपत्री आणून पक्क्या गांठींनीं ताणली. पुढच्या खेपेस वाऱ्याचा झोत तिच्याखालीं शिरून होडी इतकी कलली कीं, काठावरून पाणी आंत आलें! ताणलेलें कापड हें वाऱ्याच्या हिशेबीं दुसरें शीडच, आणि तें आवरावयास कोणी बसलेला नसतो. मग त्यानें काकास पत्र लिहिलें.

भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत नौकांचे भेद मंदिरावरून, म्हणजे निवाऱ्याच्या जागेवरून केले आहेत. पावसाळ्यास मध्यमंदिरा, पाऊस सरल्यावर दूरच्या प्रवासास अग्रमंदिरा. निवारा ऋतु व काम पाहून ठरवावा, एवढें त्यांतून घेतां येतें. बाकीचें एका जाणत्या तांडेलानें सांगितलें.

होडी चालती असतां छत लहान व ठेंगणें हवें. शिडाच्या तळची आडवी काठी एका बाजूहून दुसरीकडे फिरते, ती त्यावरून मोकळी गेली पाहिजे. सुकाणू धरणाऱ्यास शीडही दिसलें पाहिजे. नांगरल्यावर मात्र त्याच काठीवरून मोठें कापड तंबूसारखें टाकावें. येथें एक मौज आहे. नांगरलेली होडी बहुधा वाऱ्याकडे तोंड करते. उन्हाळ्यांत दुपारीं कोंकणांत वारा वायव्येचा, व सूर्य पश्चिमेस. म्हणून ऊन पुढून डाव्या अंगानें येतें. पडदा तेथें सोडावा. पाठीमागें सोडून उपयोग नाहीं.

कापडाचें म्हणाल तर सुती कॅनव्हास थंड खरा, पण दमट हवेंत त्यास बुरशी धरते. प्लॅस्टिकचा थर दिलेलें कापड पाणी अडवितें, आणि खालीं उकाडाही कोंडतें. धाग्यांतच रंग मुरविलेलें ॲक्रिलिक महाग, पण उन्हास टिकतें. शिवणीचा दोराही उन्हास टिकणारा घ्यावा. पुष्कळदां कापडाआधीं तोच जातो. पांढरें पातळ कापड डोळे दिपवितें. खालची बाजू गडद असावी. आणि गांठ सुरगांठच! एका हिसक्यासरशीं छत सुटलें पाहिजे.

महाग कापडास कात्री लावण्यापूर्वीं जुन्या कापडाचा नमुना शिवून होडीवर घालून पाहावा, असेंही मीं कळविलें. उत्तर वहिनींचें आलें: नमुना त्या स्वतः शिवणार आहेत, भावजींनीं जुनीं धोतरें पाठवावीं. दोन पाठविलीं आहेत.