बीडीएसचं कर्ज फेडणार कोण? तासगावच्या घरांसाठी एक हिशेब

नीटचा निकाल लागला की तासगाव तालुक्यातल्या वस्त्यांतून आमच्याकडे एकच विचारणा येते. एमबीबीएसला गुण कमी पडले, बीडीएसला नंबर लागेल, तर कर्ज काढावं का? पालक फी किती ते विचारतात. पदवीनंतर पोरीच्या हातात महिन्याला किती पडणार, हे क्वचितच कुणी विचारतं. आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

हिशेब मांडून पाहू. फी वर्षाला दोन लाख धरा. प्रत्यक्षात ती कॉलेजप्रमाणे कमी-जास्त असते. बीडीएस चार वर्षांचं, वर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. चार वर्षांत आठ लाख उचलले. शिक्षणाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. 10 टक्के सरळ व्याज धरलं तरी सहा वर्षांनी 3 लाख 60 हजार व्याज चढतं. म्हणजे देणं 11 लाख 60 हजार. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण 15,300 रुपये, पंधरा वर्षांत फेडायचं तर 12,400 च्या वर. आता दुसऱ्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर म्हणून 20 हजार पगार मिळाला असं समजा. पहिला हप्ता भरल्यावर 4,700 उरतात. त्यात सांगलीत राहायचं, जेवायचं आणि घरी पाठवायचं!

कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर अटींत बसणाऱ्यांना हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजावर केंद्राचं अनुदान मिळतं. मग आठ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास येतो. तोही निम्मा पगार खातो.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांत दातांच्या आरोग्यसेवेचे दोन वर्षांचे कोर्स चालतात. तिथल्या शिक्षण खात्याने व्यावसायिक कोर्सना 2023 च्या नियमात एक कसोटी लावली. पदवीधरांचा वर्षाचा कर्जहप्ता त्यांच्या कमाईच्या 8 टक्क्यांत बसावा, किंवा गरजेचा खर्च वगळून उरणाऱ्या कमाईच्या 20 टक्क्यांत. तीनपैकी दोन वर्षं कोर्स नापास झाला तर त्याची सरकारी मदत बंद. 20 हजार पगाराचे 8 टक्के म्हणजे 1,600 रुपये. आपल्याकडे एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी कॉलेजं नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार कळवतात, पण ज्यांना नोकरीच लागली नाही ते त्या आकड्यात नसतात. आणि क्रमवारीत न उतरणाऱ्या कॉलेजांचं काय?

तासगावच्या पोरांपुढचा खरा पेच मात्र कॉलेजच्या नावापेक्षा प्रवेशाच्या वाटेचा आहे. सांगलीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आणि कराडचं कृष्णाचं, दोन्ही अभिमत विद्यापीठांची. तिथले प्रवेश राज्याच्या कॅप फेरीतून होत नाहीत, फी भारी असते, आणि फ्रीशिप मिळेलच असं धरून चालता येत नाही. जुनी सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. घरापासून लांब म्हणून पालक नाक मुरडतात, विशेषतः मुलीसाठी. आम्ही उलटं सांगतो. कॅपमधून मिळालेली लांबची सरकारी जागा घ्या आणि समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजना आहे. घराजवळच्या मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेसाठी कर्ज काढणं हा शेवटचा पर्याय असावा, आणि बहुतेक घरांसाठी तोही नसावा.

कॅपची जागा मिळाली आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यावर असेल तर फ्रीशिप. अडचण पैसे येण्याच्या पद्धतीत आहे. डिसेंबर 2020 च्या केंद्राच्या निर्णयानंतर शिष्यवृत्तीचा 60 टक्के केंद्रीय वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि तो विद्यार्थ्यानेच कॉलेजला भरायचा असतो. तो उशिरा येतो. आला की घरात दवाखाना, बागेसाठी घेतलेली उचल, बहिणीचं लग्न असं काहीतरी उभंच असतं. बँकेच्या कागदावर न दिसणारं हे दुसरं कर्ज इथे तयार होतं. म्हणून ते खातं वेगळं ठेवा, असं आम्ही प्रत्येक घरात सांगतो.

यावर कार्यकर्ते आम्हाला रागाने विचारतात, मग आमच्या पोरांनी डॉक्टर व्हायचंच नाही का? व्हायचं, नक्की व्हायचं. पण पदवी आणि कमाई यांच्यामध्ये समाज उभा असतो हे विसरून नाही. बडोदा संस्थानाने 1913 साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली ती दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. 1917 ला ते कोलंबियाचं शिक्षण घेऊन त्या नोकरीवर हजर झाले, आणि जातीमुळे राहायला घर मिळेना म्हणून त्यांना बडोदा सोडावं लागलं. आज तासगावात स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, एक्स-रे, कंप्रेसर यांच्या भांडवलाआधी बाजारपेठेतला गाळा लागतो आणि पेशंट पाठवणारे ओळखीचे डॉक्टर लागतात. ज्याच्या घरात हे पिढीजात आहे त्याचे 20 हजार दोन वर्षांत वाढतात. आपल्या पोराला तिथेच जास्त दिवस काढावे लागतात, आणि हप्ता काही थांबत नाही.

दोन वर्षांचे डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्ट हे कोर्सही आहेत. 1948 च्या दंतवैद्य कायद्यात दंतवैद्यांसोबत या दोघांचीच नोंदणी होती. ‘डेंटल असिस्टंट’चं सहा महिन्यांचं खाजगी प्रमाणपत्र त्यात बसत नव्हतं, त्याला पैसे घालवू नका. मेकॅनिकच्या कोर्सला एक लाख कर्ज झालं तर व्याजासह पाच वर्षांचा हप्ता 2,650 च्या आसपास पडेल. 12 हजार पगारावर अमेरिकेच्या कसोटीत तोही नापास, पण माणूस बुडत नाही. कवळ्या आणि कॅप बनवणारी लॅब पुढे स्वतःची काढता येते, तिला बाजारपेठेतला गाळा लागत नाही.

विहारांतल्या तरुण मंडळांना एक काम सुचवतो. गेल्या पाच-सात वर्षांत तालुक्यातून बीडीएस, नर्सिंग, डीएमएलटी, बी.फार्म. झालेल्या आपल्या मुला-मुलींना गाठा. नावं न लिहिता तीनच गोष्टी टिपा: कर्ज किती, पहिल्या वर्षी महिन्याला कमाई किती, आज किती. हा कागद विहाराच्या फळ्यावर लागला तर प्रवेशाच्या एजंटापेक्षा पालकांच्या जास्त कामाला येईल.

आणि अकरावी-बारावीत असलेल्यांची जात वैधता प्रमाणपत्रं आत्ताच अर्ज करून घ्या. ते वेळेत हाती नसेल तर कॅपची राखीव जागा जाते, आणि मग एजंट मॅनेजमेंट कोट्याचा फॉर्म घेऊन दारात येतो.