पिलू पडलं नाही, बाहेर पडलं



मार्चपासून पावसाळ्यापर्यंत आपल्या गच्चीत, परसात पिलांची वर्दळ असते. आपण ज्वारी-बाजरी, तांदळाच्या कण्या टाकतो, पाण्याचं मातीचं भांडं भरतो. अशात एखादं पिलू दिसलं की "अगंबाई, घरट्यातून पडलं!" म्हणत कोणीतरी ते उचलतं आणि बुटाच्या खोक्यात ठेवतं. भावना चांगलीच. पण माझं स्पष्ट मत आहे, हात लावण्याआधी पिलू ओळखावं. आपल्याकडे दयेच्या आधी ज्ञान मानलं आहे, ते उगाच नाही.

ओळख सोपी आहे. चोचीच्या कडेला पिवळट पट्टी, आखूड शेपूट, आणि मोठा पक्षी जवळ येताच पंख थरथरवून चोच उघडणं. चिमणीचं पिलू आईसारखं मातकट असतं. नर असला तरी गळ्यावर काळा डाग नसतो. शिपाई बुलबुलाच्या पिलाच्या गालावर लाल ठिपका नसतो. साळुंकीच्या पिलाचं डोकं मोठ्यांसारखं काळंभोर नसतं, तपकिरी असतं. दयाळाच्या पिलाच्या छातीवर तांबूस ठिपके असतात. आणि कावळा एखाद्या वेगळ्याच दिसणाऱ्या पिलाला भरवत असेल, तर ते कोकिळेचं समजा!

चिमणीचं पिलू साधारण १५ दिवसांत घरटं सोडतं. तेव्हा त्याला नीट उडता येत नाही. आईबाप पुढचे काही दिवस त्याला बाहेरच भरवतात. म्हणजे पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिलू अनाथ नाही, ते शिकतंय. आपण जवळ उभ्या राहिलो की आई येत नाही, एवढंच.

आता खरा मुद्दा. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना मुख्यतः अळ्या-किडे भरवते. आपल्या घरात ते आपल्या हातून होणार नाही. मग आपण दूध-पोळी, वरणभात देतो. पक्ष्याला दूध पचत नाही. ड्रॉपरने पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणजे ना आपलं व्रत सांभाळून त्याला जगवता येतं, ना त्याचं अन्न त्याला देता येतं. हा हिशेब जुळतच नाही. त्याचं पोट भरणं आईचं काम, ते तिच्याकडेच राहू द्यावं.

"मग मांजराने नेलं तर?" असं विचाराल. मांजराला आणि मुलांना तासभर आत ठेवा. पिलू रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपावर ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे. अंगावर पिसंच नसतील तर घरट्यात परत ठेवा. जखमी असेल तर पशुवैद्य किंवा वन विभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार बुलबुल, साळुंकी असे रानपक्षी घरी पाळता येत नाहीत.

काही न करणं आपल्याला निष्ठुरपणा वाटतो. पण खिडकीआड उभं राहून वाट पाहणं हीसुद्धा जीवदयाच आहे, आणि पिलाला बहुतेक वेळा तीच हवी असते.