रकाना मोजा, पण कुठून?



पूर्वी दुधाचा हिशेब लाल वहीत असे. आता पुष्कळ ठिकाणी तो संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात असतो. सोय झाली खरी. पण वहीतली खाडाखोड डोळ्यांना दिसते; संगणकातली चूक गुपचूप बसून राहते.

आमच्याकडच्या एका लहान दूध संकलन केंद्राची गोष्ट सांगतो. त्यांच्या तक्त्यात ए रकान्यात अनुक्रमांक, बीमध्ये सभासद क्रमांक, सीमध्ये नाव, डीमध्ये लिटर आणि ईमध्ये उचल होती. सभासद क्रमांक टाकला की 'व्हीलुकअप' हे सूत्र बाकीची माहिती शोधून बिलात आणी. सूत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय शोधायचे, कोणत्या तक्त्यात, कितव्या रकान्यातले आणायचे, आणि तंतोतंत जुळणी हवी म्हणून शेवटी 0.

गोम आहे ती 'कितव्या' या शब्दात. हा आकडा कागदाच्या ए रकान्यापासून मोजायचा नाही. सूत्रात जो तक्ता दिला, त्याच्या पहिल्या रकान्याला 1 धरायचे. इथे तक्ता बीपासून ईपर्यंत. म्हणून नाव 2, लिटर 3, उचल 4. एपासून मोजून लिटरसाठी 4 लिहिले, तर लिटरच्या जागी उचल येईल. उचलीसाठी 5 लिहिले, तर तक्त्यात पाचवा रकानाच नाही, म्हणून संगणक चूक दाखवील. दाखवलेली चूक परवडली, न दाखवलेली नव्हे.

केंद्राचा आकडा बरोबर होता. पण पुढे कुणीतरी लिटरनंतर फॅटचा नवा रकाना घातला. तक्ता आपोआप रुंदावला, सूत्रातला 4 मात्र तसाच राहिला. 2,000 रुपये उचल असलेल्या म्हैसवाल्याच्या बिलातून कापले गेले साडेसहा रुपये, म्हणजे त्याच्या दुधाची फॅट! जास्त पैसे हाती आले की कोण बोलतो? पुढच्या बिलात दुप्पट कापणी झाली आणि ऐन पेरणीत घरात चणचण आली.

यावर उपाय आहे. आकडा हाताने लिहू नका. त्या जागी 'मॅच' हे सूत्र घाला. बी रकान्यापासूनच्या मथळ्यांच्या ओळीत 'उचल' हा शब्द कितवा, ते तेच मोजून सांगते. शेवटी इथेही 0 हवा, आणि मथळ्याचा शब्द दोन्हीकडे अगदी सारखा हवा. मग मध्ये कितीही रकाने घाला. 2021 च्या किंवा त्यानंतरच्या एक्सेलमध्ये 'एक्सलुकअप' आहे. त्यात कुठे शोधायचे आणि कुठले आणायचे, हे दोन रकाने थेट दाखवायचे. मोजणी नकोच.

तरीही नवा रकाना घातल्यावर दोन बिले हाताने पडताळून पाहा. आणि घरी आलेले बिल जास्तीचे असले, तरी विचारायला लाजू नका.