तणाबरोबर तूरही जाते

कपाशीत तण माजते ते पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत. रोप लहान, ओळींतील अंतर मोठे आणि आभाळ गळके. वापसा मिळाला नाही की डवरा चालत नाही. निंदणाला माणसे मिळत नाहीत. मिळाली तर मजुरी परवडत नाही. बैलजोड्या तर गावोगाव विकल्या गेल्या. विदर्भातील शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे, आणि शहरात बसून ती नाकारणे हा निव्वळ दांभिकपणा ठरेल.

याच अडचणीवर ‘चोर बीटी’चा बाजार उभा राहिला. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीच्या परवानगीचा अर्ज संबंधित कंपनीने २०१६ साली स्वतःच मागे घेतला. तरीही जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तिची जाहीर पेरणी झाली. चोरटी पेरणी त्याआधीपासूनच चालू होती. अशा बियाण्याला पावती नसते. ते उगवले नाही, तर शेतकऱ्याने दाद मागावी कोणाकडे?

ग्लायफोसेट निवड करीत नाही. सहनशील कपाशी सोडून जे हिरवे, ते वाळते. कपाशीच्या ओळींमध्ये आपल्या बापजाद्यांनी पेरलेली तूर, मूग, उडीद यांनाही मग त्या शेतात जागा उरत नाही. घरची डाळ जाते, जनावरांची वैरण जाते. पांढऱ्या सोन्याच्या हिशेबात ही डाळ कोणी धरली आहे काय?

अमेरिकेने हा मार्ग आपल्याआधी चोखाळला. जॉर्जियातील कपाशीत या औषधाला न जुमानणारे ‘पामर ॲमरँथ’ हे तण माजले. आपल्या माठाचाच हा भाऊबंद. नावाने पामर, करणीने मुळीच नव्हे! जेथे निंदण इतिहासजमा झाले असे सांगितले जात होते, तेथे पुन्हा मजूर लावून हाताने तण काढावे लागले.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचा बळी घेतला. ती कीटकनाशके होती, हे मान्य. परंतु फवारणारे हात तेच, उघडे पाय तेच आणि तोंडाला बांधलेला रुमालही तोच.

भारतीय किसान संघ व स्वदेशी जागरण मंच यांनी जनुकीय वाणांना विरोध केला, तो योग्यच आहे. मात्र विरोधाचे पत्रक बांधावर पोचते आणि पर्याय पोचत नाही, ही उणीव आपलीही आहे. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. ओल्या काळ्या मातीत चालणारे, दोन-तीन एकरवाल्याला गावातच भाड्याने मिळणारे कोळपणी यंत्र त्यांच्याकडून मागून घेतले पाहिजे, आणि तेही मृगाच्या आधी.