पितळेतला समंजसपणा
या आठवड्यात आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये प्लंबर पीआरव्ही, म्हणजे पाण्याचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, उघडून बसला होता आणि मी हातातली कामं टाकून बघत राहिलो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर 10 मीटर उतरलं की साधारण 1 बार दाब कमावतं. म्हणजे तीस मजली इमारतीत तळाच्या नळावर 9 बारच्या आसपास जोर, आणि घराला 3 बार पुष्कळ होतात. हा हिशेब पीआरव्ही जुळवतो. आतली स्प्रिंग पडद्याला ढकलून वाट उघडी ठेवते. पुढचा दाब वाढला की तोच पडदा उलट उचलला जातो, वाट अरुंद होते. कुणी नळ सोडला की पुन्हा स्प्रिंगची सरशी. वीज नाही, सेन्सर नाही! साखर कारखान्यातही टर्बाइनची एक्झॉस्ट वाफ कमी पडली की बॉयलरच्या चढ्या दाबाची वाफ अशाच अरुंद वाटेतून उतरवून, वर पाण्याचा फवारा मारून रस आटवायला देतात. कुकरच्या शिट्टीशी पीआरव्हीची गल्लत नको: शिट्टी जादा वाफ बाहेर फेकते, हा पुढे जाणारा दाबच बेताचा ठेवतो. वाट जिथे मिटते त्या सीटवर गाळाचा एक खडा अडकला तरी वाट पुरती मिटत नाही आणि रात्री नळ बंद असताना दाब चढत राहतो. म्हणून सोसायट्यांनो, लॉबीच्या ग्रॅनाइटआधी पीआरव्हीच्या अलीकडे स्ट्रेनर, पलीकडे प्रेशर गेज बसवा आणि दरवर्षी हा व्हॉल्व्ह उघडून साफ करून घ्या. हा खर्च लिफ्टच्या देखभालीइतकाच आवश्यक आहे.