चायना ग्रास आणि रक्तातले जंतू

घोडेगावजवळच्या शिनोलीहून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही भातकापणीत विळा लागला, जखम चिघळली, हुडहुडी भरून ताप चढला आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनल्याची शंका आली, की प्रयोगशाळेत समुद्रच कामाला येतो.

जंतू ओळखण्यासाठी ते काचेच्या बशीतल्या पारदर्शक, घट्ट थरावर वाढवतात. हा थर अगरचा, म्हणजे तांबड्या समुद्री शेवाळातल्या कर्बोदकाचा. किराणा दुकानात त्यालाच चायना ग्रास म्हणतात. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनचा थर उन्हाळ्यात वितळत असे. तिथल्या संशोधकाची पत्नी फॅनी हेस्से हिने आपल्या स्वयंपाकघरातला अगर सुचवला. १८८२ पासून तो जगभर रुळला. कोणतं प्रतिजैविक लागू पडेल, हे आजही अनेकदा त्याच थरावर ठरतं.

शेवाळाचा थेट औषध म्हणूनही शोध सुरू आहे. तपकिरी शेवाळातल्या फ्युकॉयडन या घटकाने प्राण्यांवरील प्रयोगांत दाह कमी केल्याचं दिसलं आहे. आशा मोठी आहे. पण सेप्सिसवर, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादावर, ते अजून मान्य औषध नाही. म्हणून शेवाळाच्या गोळ्यांवर विसंबणं घातक.

वेळेवर मिळालेले उपचार मात्र जीव वाचवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळांचा सेप्सिस ओळखून घरीच उपचार करायला शिकवलं. बालमृत्यू झपाट्याने घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं.

तापासोबत धाप लागली, माणूस बरळू लागला, लघवी कमी झाली, तर उद्याची वाट पाहू नका. घोडेगाव किंवा मंचरचं सरकारी रुग्णालय तातडीने गाठा.